मांजर म्हणजे छोटा माणूस नव्हे

मांजराला ताप आला की वडोदऱ्यात आपल्या घरांतून हमखास निघणारा तोडगा म्हणजे पॅरासिटामॉलची चतकोर गोळी. वजन कमी, म्हणून मात्रा कमी! या मताच्या बाजूने सांगण्यासारखे आहेच. सगळ्या सस्तन प्राण्यांचे यकृत सारख्याच विकरांनी काम करते आणि औषधेही उंदीर-सशांवर तपासूनच माणसापर्यंत पोचतात. तेव्हा उरतो तो फरक आकाराचा, असे म्हटले जाते.

विकरांची कुळे समान आहेत, हे मान्य. पण त्यातला प्रत्येक विकर प्रत्येक प्राण्यात शाबूत असतोच असे नाही. माणसात पॅरासिटामॉलला ग्लुक्युरॉनिक आम्ल जोडून ते निरुपद्रवी करण्यात यूजीटी१ए६ या विकराचा मोठा वाटा असतो. मांजरात त्याचे जनुक मोडलेले आहे. मग औषधाचा जास्त भाग विषारी रूपात उतरतो, रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायू वाहीनासे होते, हिरड्या तपकिरी पडतात, तोंड आणि पंजे सुजतात.

आता वजनाचा हिशेब पाहू. ६० किलोच्या माणसाने ५०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या घेतल्या, तर किलोमागे साधारण १७ मिलिग्रॅम होतात आणि ते त्याला सहज पचतात. मांजरांना मात्र किलोमागे १० मिलिग्रॅमनेही विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत. चार किलोच्या मांजराला चतकोर गोळी म्हणजे किलोमागे ३१! शिवाय १८७९ पासूनच्या कमाटीबागेत मुले ज्या वाघ-सिंहांना पाहायला जातात, त्यांच्यातही हे जनुक असेच निकामी आहे. सिंह तर माणसाहून कितीतरी जड. मग प्रश्न वजनाचा राहिलाच कुठे?

'मांजराचे यकृतच दुबळे' हेही खरे नाही. बिलिरुबिन बाहेर टाकणारा यूजीटी१ए१ हा त्याच कुळातला विकर मांजरात धडधाकट आहे. वनस्पतींतली विषे पचवणारा यूजीटी१ए६ मात्र निव्वळ मांसाहाऱ्याला लागत नाही. निकामी झाला तरी अडत नाही, म्हणून तो पिढ्यान्‌पिढ्या तसाच राहिला, असे संशोधक मानतात. तपकिरी तरस आणि उत्तरेकडचा हत्ती-सील या मांसाहाऱ्यांतही हेच जनुक मोडलेले सापडले आहे.

म्हणून मात्रा ठरवताना आधी प्राण्याची जात पाहावी, वजन नंतर. घरातली पॅरासिटामॉलची गोळी मांजराला कधीही देऊ नका. चुकून पोटात गेलीच, तर लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्याकडे धाव घ्या. वेळेवर दिलेल्या अ‍ॅसिटिलसिस्टीनने जीव वाचू शकतो.