ऑनलाइन अर्जाची ब्राउझरमधील पडताळणी : दोष कुठे शोधावा?

ऑनलाइन अर्जातील चुकीची नोंद सर्व्हरकडे जाण्यापूर्वीच ब्राउझरमध्ये दाखवून देणे, यास ‘क्लायंट-साइड व्हॅलिडेशन’ म्हणतात. मायक्रोसॉफ्टच्या एएसपी डॉट नेट एमव्हीसी या फ्रेमवर्कमध्ये नियम एकदाच, मॉडेलमध्ये लिहिले जातात. फ्रेमवर्क ते ‘डेटा-व्हॅल’ने आरंभ होणाऱ्या गुणधर्मांच्या रूपात एचटीएमएलमध्ये उतरवते आणि जावास्क्रिप्ट ते वाचून अमलात आणते. या साखळीची कोणतीही कडी तुटली, तरी पडताळणी थांबते.

पडताळणी मुळीच होत नसल्यास

पान पुन्हा उघडल्यावरच चुकीचा संदेश दिसत असेल, तर तपासणी केवळ सर्व्हरवर होत आहे असे समजावे. प्रथम पानाचा स्रोत उघडून ‘डेटा-व्हॅल’ गुणधर्म आहेत का, हे पाहावे. ते असल्यास दोष बहुधा स्क्रिप्टमध्ये असतो. जे-क्वेरी, जे-क्वेरी व्हॅलिडेट आणि अनऑब्ट्रुझिव्ह या तीन फाइली याच क्रमाने लोड व्हाव्या लागतात. जे-क्वेरी दुसऱ्यांदा लोड झाल्यास आधीची जोडणी पुसली जाते. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये याचा माग लागतो.

काही रकान्यांपुरतीच होत नसल्यास

पान उघडल्यानंतर भर घातलेल्या रकान्यांचे नियम आपोआप वाचले जात नाहीत. अर्जाशी जोडलेले जुने नियम काढून संपूर्ण अर्जाचे पुनर्वाचन करावे लागते. तसेच जे-क्वेरी व्हॅलिडेट १.९ या आवृत्तीपासून अदृश्य रकाने मुळातच वगळले जातात. टॅबमागे दडलेला आवश्यक रकाना रिकामा राहूनही अर्ज पुढे सरकतो, तो यामुळे.

देवनागरी नोंदींचा प्रश्न

अंक ओळखणारे ‘बॅकस्लॅश डी’ हे चिन्ह दोन्ही बाजूंना सारखे वागत नाही. जावास्क्रिप्टमध्ये त्याला केवळ आंतरराष्ट्रीय अंक मान्य आहेत. डॉट नेटमध्ये देवनागरी अंकही चालतात. त्यामुळे ‘सहा अंक’ असा नियम असताना पणजीचा ४०३००१ हा पिनकोड देवनागरीत लिहिल्यास सर्व्हरला तो मान्य असतो, ब्राउझर मात्र अडवतो. नियमात दोन्ही अंकमाला स्पष्टपणे नमूद कराव्यात आणि साठवताना एकाच अंकमालेत रूपांतर करावे.

नावांबाबत अडचण अधिक आहे. केवळ रोमन अक्षरांना मुभा देणारा नियम मराठी नाव सरळ नाकारतो. काना, मात्रा, वेलांटी ही युनिकोडमध्ये अक्षरे नसून स्वतंत्र चिन्हे आहेत. म्हणून ‘कोणतेही अक्षर’ एवढाच नियमही अपुरा ठरतो. युनिकोडमधील देवनागरीचा ०९०० ते ०९७एफ हा विभाग नियमात घ्यावा. अंक व दंड नको असल्यास वगळावेत. लांबीची मर्यादाही सढळ ठेवावी, कारण ‘श्री’ हे डोळ्यांना एक अक्षर दिसले तरी मोजणीत चार भरते.

अंतिम निर्णय सर्व्हरचा

ब्राउझरमधील तपासणी ही वापरकर्त्याची सोय आहे, सुरक्षा नव्हे. जावास्क्रिप्ट बंद करून ती कोणालाही टाळता येते. म्हणून सर्व्हरवर ‘मॉडेलस्टेट’ची वैधता तपासल्याखेरीज नोंद स्वीकारू नये. दुरुस्तीनंतर जावास्क्रिप्ट चालू ठेवून आणि बंद करून, तसेच रोमन आणि देवनागरी अशा दोन्ही लिप्यांत अर्ज भरून पाहावा. स्वतःचे नाव स्वतःच्या लिपीत लिहिणाऱ्यास ‘अवैध नोंद’ असे उत्तर मिळाले, तर चूक नियमाची असते, नावाची नव्हे.