प्रश्नात दडलेलं उत्तर

१८६७ सालच्या सुरुवातीला चार्ल्स डार्विननं प्रश्नांची एक यादी जगाच्या कानाकोपऱ्यांत पाठवली. राग, लाज, आश्चर्य अशा भावना चेहऱ्यावर कशा उमटतात, यावर त्याला पुस्तक लिहायचं होतं. त्यामागे एक मोठा वाद होता. निरनिराळे मानववंश मुळातच वेगळे आहेत, असं तेव्हा अनेक विद्वान मानत. एकमेकांशी संबंध न आलेल्या लोकांच्या चेहऱ्यांवर भावना सारख्याच उमटत असतील, तर सगळ्यांचं मूळ एकच असल्याचा तो आणखी एक पुरावा ठरणार होता.

डार्विनचा जगप्रवास १८३६ मध्येच संपला होता. पुढे तब्येतीमुळे तो बराचसा घरीच असे. मग दूरदेशीची माहिती मिळवायची कशी? पत्रं लिहून!

आठवणीवर विसंबू नका, प्रत्यक्ष पाहून लिहा, अशी त्याची विनंती होती. ३६ जणांनी उत्तरं पाठवली. एक उत्तर आपल्याकडचं होतं. मुंबई इलाख्यातल्या अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात राहणाऱ्या अर्स्किन नावाच्या गृहस्थांना खात्रीचा निष्कर्ष काढणं फार अवघड गेलं. कारण युरोपीय माणसासमोर इथले लोक मनातलं चेहऱ्यावर दिसूच देत नसत. डार्विननं ही अडचण पुस्तकात नोंदवली. काय दिसणार, हे बघणारा कोण आहे यावरही अवलंबून असतं!

दुसरी अडचण प्रश्नांतच होती. आश्चर्य वाटलं की डोळे आणि तोंड उघडून भुवया वर जातात का, असं त्यानं विचारलं होतं. म्हणजे उत्तर प्रश्नातच आलं. समोरच्यानं फक्त ‘हो’ म्हणायचं.

गंमत अशी, की हा धोका डार्विननं स्वतः अनुभवला होता. दुशेन या फ्रेंच डॉक्टरनं एका म्हाताऱ्याच्या चेहऱ्याच्या स्नायूंना विजेनं चेतवून निरनिराळे भाव उमटवले आणि त्यांचे फोटो काढले. सोबतची माहिती वाचत पाहिले, तेव्हा जवळजवळ सगळे फोटो डार्विनला पटले. मग त्यानं त्यांतले काही वीसहून अधिक जणांना एक शब्दही न सांगता दाखवले. काही फोटोंबाबत बहुतेकांचं एकमत झालं, काहींबाबत मात्र भलतीच वेगवेगळी उत्तरं आली. माहिती वाचली नसती तर आपणही असेच गोंधळलो असतो, हे त्यानं १८७२ च्या पुस्तकात मोकळेपणानं लिहिलं.

वर्गात आपण विचारतो, “पाणी तापलं की बुडबुडे येतात ना?” सगळा वर्ग “हो” म्हणतो. त्याऐवजी भांडं समोर ठेवून नुसतं “काय काय दिसतंय?” एवढंच विचारून पाहा. उत्तरं एकसारखी येणार नाहीत, पण ती मुलांनी स्वतः पाहिलेली असतील.