दांडी वाकली, चाक तेवढेच राहिले

स्त्रियांच्या सायकलीचा इतिहास सहसा पोशाखाच्या आणि स्वातंत्र्याच्या अंगाने सांगितला जातो. परंतु लहान चणीच्या प्रौढ स्त्रीला बेताची सायकल शतकभर का मिळाली नाही, याचे उत्तर चाकाच्या व्यासात शोधावे लागते. १८७० च्या दशकातील उंच चाकाच्या सायकलीत पायडल थेट पुढच्या चाकाच्या आसाला जोडलेले असल्याने चाकाचा व्यास स्वाराच्या पायाची लांबी पाहूनच निवडावा लागे. ती सायकल धोक्याची होती, लांब झग्यातील स्त्रीला तर जवळजवळ निषिद्धच. तथापि माप घेऊन वाहन निवडण्याची रीत तिच्यात अंगभूत होती. १८८५ मध्ये जॉन केम्प स्टार्ली यांनी कॉव्हेंट्रीत ‘रोव्हर’ तयार केली आणि साखळीने मागचे चाक फिरू लागले, तेव्हा पायाची लांबी आणि चाकाचा व्यास यांचा संबंध तुटला. चाके ठरावीक मापाची झाली आणि उंचीतील फरक सांभाळण्याचे काम फ्रेम व सीटकडे आले.

स्त्रियांसाठीची फ्रेम याच दशकाच्या अखेरीस घडली. हँडलखालच्या नळीपासून सीटखालच्या नळीपर्यंत आडवी जाणारी दांडी खाली उतरवली गेली, झगा अडकू नये म्हणून मागच्या चाकावर दोऱ्यांची जाळी आली आणि साखळीवर आवरण चढले. मात्र नळ्यांचे त्रिकोण हेच फ्रेमच्या बळकटीचे मूळ असल्याने दांडी खाली आली की फ्रेम पिळवटू लागते, आणि ते टाळण्यासाठी नळ्या जाड कराव्या लागतात. म्हणजे हलक्या स्वाराच्या वाट्याला जड सायकल आली. वादही वस्त्राभोवतीच फिरत राहिला. सुटसुटीत पोशाखाच्या पुरस्कर्त्या लेडी हार्बर्टन यांना १८९८ मध्ये ऑकहॅम येथील हॉटबॉय हॉटेलच्या कॉफीच्या दालनात विजारवजा पोशाखामुळे प्रवेश नाकारला गेला आणि पुढील वर्षी झालेल्या खटल्यात निकालही हॉटेलच्या बाजूने लागला. या लढ्याचे मोल मोठे आहे. पण झगा गेला तरी अडचण संपणार नव्हती, कारण खाली उतरलेल्या दांडीने चढउताराची सोय केली होती, सीटपासून हँडलपर्यंतचे अंतर कमी केले नव्हते.

हे अंतर हवे तेवढे कमी का करता येत नाही, हे समजून घेण्याजोगे आहे. आजच्या रस्त्यावरील सायकलींत रूढ असलेल्या चाकाच्या रिमचा, म्हणजे धावेचा, टायर बसण्याच्या जागी व्यास ६२२ मिलिमीटर असतो. फ्रेम आखूड केली की हे चाक पायडलच्या जवळ येते, आणि सावकाश वळताना पुढच्या पायाची बोटे चाकाला घासतात. ते टाळण्यासाठी कारखाने पुढचा चिमटा अधिक तिरपा आणि सीटची नळी अधिक उभी करत. कागदावर दांडी आखूड दिसे, पण सीट पायडलच्या फार पुढे आल्याने बाईला ती मागे सरकवावी लागे आणि वाचवलेले अंतर परत येई. लहान माप म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक सायकली म्हणजे अशा केवळ बुटक्या फ्रेम होत्या.

या गाठीवर हात घातला तो यांत्रिकी अभियंता असलेल्या जॉर्जिना टेरी यांनी. १९८५ मध्ये अमेरिकेतील न्यू यॉर्क राज्यात त्यांनी स्वतःच्या नावाने व्यवसाय सुरू केला आणि लहान मापांत मागचे चाक नेहमीचे ठेवून पुढचे चाक २४ इंची केले. त्यामुळे फ्रेम खरोखर आखूड झाली, बोटे मोकळी राहिली आणि हँडलही बेताच्या उंचीवर आले. स्त्रियांचे पाय लांब व धड आखूड असते, हे त्या काळचे गृहीतक पुढील मोजमापांत तितकेसे टिकले नाही. तरीही टेरी यांची रचना खोटी ठरत नाही, कारण तिचा खरा आधार उंची हाच होता. नंतर दोन्ही चाके ५७१ मिलिमीटर धावेची घेण्याचा पर्यायही रुळला. जुळवणी करताना आखूड क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, अरुंद हँडल आणि लहान बोटांच्या पकडीतील ब्रेक हे सुटे भाग त्याच हिशेबाने निवडावे लागतात.

भारतात हा प्रश्न अधिकच जवळचा आहे, कारण येथील प्रौढ स्त्रीची सरासरी उंची सुमारे १५२ सेंटिमीटर आहे आणि पुरुषांची रूढ सायकल मात्र २८ इंची चाकांची. एके काळी सायकलींचे शहर असलेल्या पुण्यातही ‘लेडीज सायकल’ म्हणजे खाली उतरलेल्या दांडीची सायकल, हाच अर्थ रूढ झाला. तमिळनाडूतील पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९१ च्या सुमारास जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांच्या पुढाकाराने साक्षरता मोहिमेला सायकल शिकण्याची जोड मिळाली, तेव्हा लेडीज सायकलींचा तुटवडा पडून हजारो स्त्रियांनी पुरुषांच्या सायकली घेतल्या; पुढच्या दांडीवर मूल बसवता येते म्हणून काहींनी तर त्याच पसंत केल्या. ज्या दांडीपासून स्त्रियांना शंभर वर्षे दूर ठेवण्यात आले, ती त्यांना नकोशी नव्हती. त्यांच्या मापाची सायकल मात्र त्या बाजारातही नव्हती.