तार आणि बिनतार

बिनतारी यंत्र समुद्रातील तारांस मोडीत काढणार, हे भाकीत एके काळी जवळजवळ खरे ठरले होते. ते का फसले, याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

१८७० मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ या अजस्र जहाजाने मुंबईपासून एडनपर्यंत समुद्रतळाशी तार सोडली आणि मुंबई लंडनशी जोडली गेली. तांब्याच्या या तारेवर गटापर्चाचे, म्हणजे एका झाडाच्या चिकाचे, वेष्टन असे. पत्रास जेथे आठवडे लागत, तेथे निरोप काही तासांत पोहोचू लागला. दर मात्र असा जबर, की व्यापारी सांकेतिक कोश उघडून एका शब्दात अख्खे वाक्य बसवीत!

१९२७ मध्ये मार्कोनीच्या पद्धतीने लघुलहरींचा झोत नेमक्या दिशेने सोडणारी केंद्रे आपल्याकडे सुरू झाली. संदेश पुण्याजवळच्या खडकीहून इंग्लंडला निघत. तिकडचे दौंडला उतरत. खर्च थोडा, वेग अधिक. समुद्रतारांच्या कंपन्यांचे धाबे दणाणले. तेव्हा १९२८ मध्ये लंडनला परिषद भरली आणि दुसऱ्याच वर्षी दोन्ही साधने एका कंपनीच्या छत्राखाली आणण्यात आली. निव्वळ बाजारभावावर सोपविले असते, तर तारा तेव्हाच गेल्या असत्या. परंतु लघुलहरी वातावरणाच्या उंच विद्युद्भारित थरावरून परावर्तित होतात. दिवसरात्र आणि सूर्यावरील डाग यांनुसार त्या थराची लहर फिरते. शिवाय त्या कोणासही चोरून ऐकता येतात. युद्धाची धास्ती बाळगणाऱ्या साम्राज्यास हे परवडणारे नव्हते. तार जगली ती साम्राज्याच्या या भयामुळे, असे माझे मत आहे.

पुढे १९७१ मध्ये आर्वीचे उपग्रह केंद्र सुरू झाले आणि आकाशमार्गाची सरशी पुन्हा दिसू लागली. पण उपग्रह ३६,००० किलोमीटर उंच. वर जाऊन खाली येण्यास संदेशाला सुमारे पाव सेकंद लागतो. माणसाच्या बोलण्यात हा खंड खपून जातो. संगणकांच्या देवघेवीत, जेथे वारंवार पोच परत यावी लागते, तेथे तो साचत जातो. १९९७ मध्ये ‘फ्लॅग’ ही काचतंतूंची समुद्रतार मुंबईस पोहोचली. तांब्याच्या जागी केसासारखी बारीक काच आणि विजेच्या जागी प्रकाश. वाट मात्र पुष्कळशी १८७० चीच, तांबड्या समुद्रातून सुएझकडे जाणारी.

बदलीचा हुकूम घेऊन येणारी सरकारी तार जुलै २०१३ मध्ये बंद झाली. आज खिशातला मोबाईल बिनतारी खरा, पण त्याची बिनतार मनोऱ्यापर्यंतची, फार तर पुढच्या एकदोन मनोऱ्यांपर्यंतची. गुवाहाटीस नेमणुकीवर असलेला अधिकारी लंडनमधल्या मुलीशी बोलतो, तेव्हा त्याचा शब्द बहुधा मुंबई किंवा चेन्नईच्या किनाऱ्यावरूनच पाण्यात उतरतो.