चुगर

फाल्गुन सरत आला की आमच्या घरामागची चिंच आठवड्याभरात रंग बदलते. वर्षभराचा धुळकट पाला गळून जातो आणि फांद्यांच्या टोकांना तांबूस-पोपटी पालवी फुटते. ही पालवी आठ-दहा दिवसच कोवळी राहते. मग तिच्या मधल्या शिरा राठ होतात आणि ती खाण्याजोगी उरत नाही. या कोवळ्या पाल्याला आमच्या घरात चुगर म्हणतात. त्या आठ-दहा दिवसांत अम्मी दुसरी कोणतीही भाजी विकत आणू देत नाही.

आम्ही मराठवाड्यातल्या एका गावी उर्दू शाळेत शिकवतो. गेल्या वर्षी मधल्या सुट्टीत सातवीतल्या एका मुलाने डबा उघडला. आत ज्वारीची भाकरी आणि चुगर घातलेली तुरीची डाळ होती. शेजारचा मुलगा ओरडला, "बकरी का चारा लाया रे!" सगळा वर्ग हसला. त्या मुलाने डबा मिटला आणि दिवसभर काही खाल्ले नाही. हसणाऱ्यांना आम्ही रागावायला हवे होते, पण रागावता आले नाही, कारण आम्हीही एकदा हेच केले होते. औरंगाबादला बी.एड. करताना वसतिगृहात कुणीतरी विचारले, "तुमच्याकडे रोज काय जेवण असते?" आम्ही बेधडक सांगितले, "बिर्याणी, कोरमा, नान-कलिया." रोजचे जेवण म्हणजे भाकरी, डाळ आणि परसातला पाला, हे सांगायची लाज वाटली. आपण बादशहांचे वारस आहोत असा एक समज आमच्या घराघरात मुरलेला आहे. त्या समजात चुगर बसत नाही.

शिक्षकाच्या सवयीने मग आम्ही पुस्तके उघडली. चुगर कुठून आला, आपल्या परसात काय काय आहे आणि ते कुणाचे आहे, हे एकदा पाहायचे ठरवले.

चिंचेपासूनच सुरुवात केली. अरबांनी तिला 'तमर-ए-हिंदी' म्हटले, म्हणजे हिंदुस्थानचा खजूर. त्यावरूनच युरोपातल्या भाषांत तिचे नाव गेले आणि वनस्पतिशास्त्रातल्या तिच्या नावातही हिंदुस्थान येऊन बसला. पण झाड मूळचे हिंदुस्थानचे नाही, ते आफ्रिकेच्या उष्ण प्रदेशातले आहे. आपल्याकडे ते इतक्या पूर्वी आले की संस्कृतात त्याला चिंचा आणि अम्लिका अशी स्वतःची नावे मिळाली, आणि अरबांना ते इथलेच वाटले. चुगर हा शब्द तेलुगूतल्या 'चिगुरु'वरून आला आहे. चिगुरु म्हणजे कोवळी पालवी. हैदराबादेत चुगर-गोश्त ही वसंतातली मानाची हंडी समजतात. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आमचा मुलूख त्याच राज्यात होता, त्यामुळे शब्द आणि हंडी दोन्ही इकडे आली असावीत. झाड आफ्रिकेचे, त्याचे नाव अरबांनी ठेवलेले, पाल्याचे नाव तेलुगू आणि तो बकऱ्याच्या मटणात शिजवणारे हात दखनी. एवढे सगळे एका हंडीत असून पोरे तिला चारा म्हणतात!

आफ्रिकेचा धागा हाती आला आणि आम्ही परसात नव्याने पाहू लागलो. अम्मी माघाच्या शेवटी भेंडी लावते. बी रात्रभर पाण्यात भिजवते, सकाळी बोटाच्या एका पेराएवढ्या खोलीवर टोचते, मावा पडला तर पानांवर चुलीची राख झाडते. ती भेंडीही बहुधा आफ्रिकेच्या ईशान्य भागातली. पावसाळ्यात परसभर माजणारी अंबाडीही आफ्रिकेची. कुंपणाबाहेरच्या रानातली ज्वारी तर नक्कीच. सुदान-इथिओपियाच्या बाजूला माणसाने ती प्रथम पेरली आणि हजारो वर्षांपूर्वी ती दख्खनमध्ये पोचली. ज्या भाकरीला आपण मराठी मातीची खूण मानतो, ती हबश मुलखाच्या शेजारून आलेली आहे.

हबश म्हटले की मराठवाड्यातल्या माणसाला मलिक अंबर आठवतो. पाठ्यपुस्तकात तो गनिमी काव्यापुरता येतो, शहाजीराजांच्या संदर्भात एखाददुसऱ्या परिच्छेदात संपतो. इथिओपियात १५४८ च्या सुमारास जन्मलेले हे पोर गुलाम म्हणून विकले गेले, बगदादमार्गे दख्खनमध्ये आले आणि निजामशाहीच्या एका पेशव्याने, चंगेजखानाने, त्याला विकत घेतले. पुढे तोच निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. भेंडी किंवा ज्वारी त्याने आणली असे कुणी समजू नये, ती त्याच्या कितीतरी आधी आली होती. त्याने परसाला जे दिले, ते पाणी होते.

१६१० मध्ये त्याने खडकी हे शहर वसवले. त्याच्या मुलाच्या काळात ते फतेहनगर झाले, १६५३ नंतर औरंगाबाद आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर. नावे बदलली तरी जमिनीखालची नहर बराच काळ तशीच वाहत राहिली. नहर-ए-अंबरीची युक्ती इराणी कनातीची आहे. डोंगराच्या पायथ्याशी विहिरी खणायच्या, भूगर्भातले पाणी गोळा करायचे आणि अगदी हलक्या उतारावर बोगद्यातून ते शहराकडे आणायचे. मध्ये मध्ये उभी भोके ठेवायची, म्हणजे आत उतरून गाळ काढता येतो. त्याला मोट लागत नाही की बैल लागत नाही, उतारावरच सगळे चालते. अहमदनगरला अशा नहरी आधीपासून होत्या. अंबरने ती विद्या नव्या शहरासाठी वापरली. शहरात शिरल्यावर पाणी नळांतून आणि मनोऱ्यांतून चढत-उतरत हौदांत पडे. बी.एड.च्या दिवसांत आम्ही पाणचक्कीचा हौद पाहिला. ती नहर वेगळी आणि नंतरची, पण कारागिरी त्याच जातीची. तिच्या पाण्यावर दर्ग्यातल्या फकिरांसाठी आणि मुसाफिरांसाठी दळण दळले जाई.

त्या हौदाच्या काठावर आम्हाला एकदम आमची मोरी आठवली. आमच्या घरी दादीच्या काळापासून एक शिस्त आहे. वजूचे पाणी वाया जाऊ द्यायचे नाही. मोरीची तोंडे दोन. भांडी घासल्याचे पाणी एकीकडून बाहेर जाते, आणि वजूचे, ज्यात साबण नसतो, ते दुसरीकडून पुदिन्याच्या वाफ्यात. दिवसातून पाच वेळा घरातली सहा माणसे बधना घेऊन बसतात. चैत्रात विहीर तळाला गेली तरी आमचा पुदिना हिरवा असतो. हौदाचे पाणी आणि मोरीचे पाणी यांच्यामागची अक्कल एकच आहे. पण अंबरची नहर इतिहासात आली, दादीची मोरी आली नाही.

आता बादशहांकडे येऊ, कारण आमच्या लाजेचे मूळ तिथेच आहे. अबुल फज्लच्या 'आईन-ए-अकबरी'त अकबराच्या मुदपाकखान्यातले तीसच्या आसपास पदार्थ प्रमाणांसह दिले आहेत. त्यांचे तीन वर्ग आहेत, आणि पहिला वर्ग मांस नसलेल्या पदार्थांचा आहे. त्याला 'सुफियाना' म्हटले आहे. बादशहा ठरावीक दिवशी मांस वर्ज्य करी. त्याच यादीत साग आहे. दहा शेर पालक-बडीशेपेच्या पाल्याला दीड शेर तूप, एक शेर कांदा, अर्धा शेर आले आणि थोडी मिरी-वेलची-लवंग. म्हणजे अकबर बादशहाही पाला खात होता! तूप अर्थात आमच्यापेक्षा बरेच जास्त होते. खिचडीत तर तांदूळ, डाळ आणि तूप प्रत्येकी पाच पाच शेर. ते वाचून अम्मी म्हणाली, "इतना घी? हकीम कौन था उनका?"

या यादीत मिरची कुठेच नाही. तिखटासाठी मिरी आणि आले. मिरची अमेरिकेतली. पोर्तुगीज जहाजांबरोबर ती सोळाव्या शतकात गोव्याच्या बाजूने हिंदुस्थानात शिरली आणि अकबराच्या स्वयंपाकघरापर्यंत तेव्हा पोचली नव्हती. बटाटा आणि टोमॅटोही तिकडचेच, आपल्या हंडीत ते आणखी उशिरा आले. आमच्याकडे लग्नाच्या पंगतीत वडीलधारे सांगतात की नान-कलिया मुहम्मद तुघलकाच्या फौजेबरोबर दिल्लीहून दौलताबादेला आला. राजधानी हलली ती १३२७ मध्ये. तेव्हाच्या कलियात मिरची असणे शक्यच नव्हते. आज ज्या लाल तवंगावरून नान-कलिया ओळखतात, तो तवंग त्यानंतर निदान दोनशे वर्षांनी आला. फौजेने काही शिजवले असेलच, पण ते आज आपल्या ताटात पडले तर आपण ओळखणार नाही. हे एका वलीम्यात सांगितले तर दोन बुजुर्ग आमच्यावर रुसले. रुसवा निघायला एक ईद जावी लागली.

त्या काळाचा एक साक्षीदार मात्र आहे. इब्न बतूता १३४२ मध्ये दौलताबादेत होता. तिथे द्राक्षे आणि डाळिंबे वर्षातून दोनदा येतात, असे तो लिहितो. मराठ्यांबद्दल लिहिताना ते भात, भाज्या आणि तिळाचे तेल खातात, अशी नोंद करतो. तो काझी होता, दरबारांत वावरणारा माणूस. तरी वाटेत लागलेल्या साध्या जेवणाची नोंद घ्यायला त्याला कमीपणा वाटला नाही. वसतिगृहात आम्हाला तो वाटला.

आता दादीची गोष्ट, कारण चुगरला चारा का म्हणतात याचे खरे उत्तर तिच्याकडे होते. १९७२ चा दुष्काळ आला तेव्हा ती नुकती लग्न होऊन या घरी आली होती. रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी मिळे, तिला सगळे मिलो म्हणत. दादी सांगायची, मिलोचे पीठ हाताला धरत नसे, भाकरी थापता थापता फाटायची, आणि खाल्ली की पोटात दगड. ही मिलो म्हणजे तरी काय? आफ्रिकेच्या ज्वारीचाच एक वाण. आफ्रिकेतून माणसे गुलाम करून जहाजांत कोंबून अमेरिकेला नेली, त्याच वाहतुकीबरोबर ज्वारीही समुद्रापार गेली. अंबर एका समुद्रावरून आला, ज्वारी दुसऱ्या समुद्रावरून गेली आणि दोन-तीनशे वर्षांनी आमच्या गावच्या रेशनच्या रांगेत येऊन उभी राहिली. इतिहास शिकवताना अशी गोष्ट हाती लागली की आम्हाला रात्री झोप येत नाही.

त्या दुष्काळात परस वाळून कोळ झाले होते. फक्त चिंच उभी होती, तिची मुळे खोल. १९७३ च्या चैत्रात तिला पालवी फुटली तेव्हा आळीतल्या दहा-बारा घरच्या बायका टोपल्या घेऊन आल्या. त्यांत कोण मुसलमान, कोण माळी, कोण महार, हे दादी नावानिशी सांगायची. पण कुणी आधी तोडायचे यावरून भांडण झाले नाही, हे ती प्रत्येक वेळी जोडायची. पुढे बरे दिवस आल्यावर त्याच बायकांनी चुगर सोडून दिला. दुष्काळात खाल्लेली वस्तू सुकाळात नकोशी होते. ती दिसली की भूक आठवते. सातवीतला मुलगा हसला ते बहुधा त्याच्या आजीचे विसरणे त्याच्या तोंडून हसले.

हैदराबादला २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला पूर आला, तेव्हा अफझलगंजच्या एका चिंचेवर चढून दीडशे माणसे वाचली, असे सांगतात. आजही त्या तारखेला लोक तिथे जमतात. आमच्या चिंचेची तारीख कुणी लिहून ठेवली नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.

आता करायची रीत. पाला ऊन चढण्याआधी तोडावा. काड्या निवडत बसू नये, तळहातांवर चोळावा, म्हणजे पाने गळतात आणि काड्या हातात राहतात. मटण आधी कांदा, आले-लसूण, हळद आणि मिरची घालून पूर्ण शिजवावे. चुगर शेवटी घालावा. आधी घातला तर त्याच्या आंबटाने मटण चिवट राहते, आणि डाळ तर शिजतच नाही. वेगळी चिंच किंवा टोमॅटो घालू नये. तांब्याची हंडी असेल तर तिला कल्हई आहे ना हे पाहावे. आमच्या गावात कल्हईवाला आता येत नाही, त्यामुळे अम्मीने हंडी माळ्यावर टाकली आहे आणि कुकरमध्ये करते. चवीत फरक पडतो असे ती म्हणते. आम्हाला तो कळत नाही, पण तसे बोलून दाखवत नाही.

शाळेत पुढच्या आठवड्यात आम्ही मलिक अंबर शिकवला. लढाया एका तासात संपवल्या आणि दोन तास नहरीला दिले. फळ्यावर डोंगर, विहिरी आणि बोगदा काढला. मग मुलांना घरी जाऊन आजीला एकच गोष्ट विचारायला सांगितली: उन्हाळ्याच्या तोंडाशी तुम्ही कोणता पाला शिजवत होता आणि त्याला काय म्हणत होता? दुसऱ्या दिवशी फळा भरला. शेवग्याचा पाला, शेवग्याची फुले, हरभऱ्याचा सुकवलेला पाला, घोळ, चिघळ. घोळ आणि चिघळ एकच की दोन, यावर वर्ग भांडला. डबा मिटणारा मुलगा उठून म्हणाला, "सर, चुगर मैं लिखूँ?" त्याने तो उर्दूत लिहिला आणि खाली मराठीत.

यंदा घरात वाटणीचे बोलणे चालू आहे. धाकट्या चाचांना मागच्या बाजूला दोन खोल्या बांधायच्या आहेत आणि चिंच नेमकी पायाच्या रेघेवर येते. त्यांचेही चुकत नाही, मुले मोठी झाली आहेत, जागा लागते. मागच्या जुम्याला ते मोजपट्टी घेऊन आले. मिस्त्रीही बरोबर होता. झाडाला नुकती पालवी फुटलेली. अम्मी टोपली घेऊन बाहेर आली, एक टोपली चाचींच्या हातात दिली आणि चाचांना म्हणाली, "पहले चुगर तोड लेव. बाद में देखेंगे."

मिस्त्रीने चप्पल काढली आणि झाडावर चढला.