कोणती तबकडी घ्यावी?



तबकडी म्हटली की वडीलधाऱ्या मंडळींच्या डोळ्यांपुढे ग्रामोफोनची काळी तबकडी उभी राहते. तिच्यातही एके काळी दोन जाती होत्या, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असेल. अमेरिकेत एडिसनच्या तबकडीवर सुई खाली-वर हालत असे, तर व्हिक्टर कंपनीच्या तबकडीवर ती डावी-उजवीकडे हाले. एकाची तबकडी दुसऱ्याच्या यंत्रावर नीट वाजत नसे. एडिसनची तबकडी कानाला सरस लागते, असे पुष्कळ जाणकार म्हणत. पण लोकांना हवे असलेले मोठमोठे गवई व्हिक्टरकडे होते! १९२९ साली एडिसनच्या कंपनीने तबकड्यांचा धंदाच गुंडाळला. ज्यांनी हौसेने एडिसनच्या तबकड्या जमवल्या, त्यांच्या कपाटात त्या तशाच राहिल्या.

आज मला सांगावयाचे आहे ते चित्रपटाच्या तबकड्यांविषयी. चित्रपट घरी आणावा, हवा तेव्हा लावावा, पुस्तकांसारखी त्यांची फळीवर रांग मांडावी, ही तबकड्यांची हौस आता पन्नास वर्षांची होत आली. एवढ्या काळात अर्धा डझनाहून अधिक जातींच्या तबकड्या बाजारात आल्या, आणि दर वेळी घेणाऱ्याला तोच प्रश्न पडला : यातली कोणती घ्यावी? त्याने बहुधा चित्र कोणाचे स्वच्छ दिसते तेवढे पाहिले. इतिहास पाहिला तर मात्र असे दिसते की, नुसत्या चित्रावरून या लढतींचा निकाल क्वचितच लागला. तबकडी घेणारा खरे म्हणजे एक भरवसा विकत घेत असतो. ती वाचणारे यंत्र पुढची दहा-वीस वर्षे कोणी तरी बनवीत राहील, हा तो भरवसा.

अमेरिकेत पहिली तबकडी आली ती १९७८ च्या डिसेंबरात, अटलांटा शहरी. हॉलंडची फिलिप्स आणि अमेरिकेतली एम.सी.ए. या दोन कंपन्यांनी ती मिळून काढली होती. पुढे तिला लेसरडिस्क हे नाव पडले. बारा इंच व्यासाची, जेवणाच्या ताटाएवढी. सुई नाही, प्रकाशाच्या किरणाने वाचायची. एका बाजूला फार तर तासाभराचे चित्र मावे, म्हणून मध्येच उठून ती भाकरीसारखी उलटावी लागे. १९८१ च्या मार्चमध्ये आर.सी.ए. या बड्या कंपनीने तिला जोड उभी केली. आर.सी.ए.ची तबकडी सुईचीच होती. बोट लागून खराब होऊ नये म्हणून ती प्लास्टिकच्या खोळीतून थेट यंत्रात सरकवायची. पंधरा वर्षांहून अधिक काळ कंपनी तिच्यावर खपली होती. पण तोवर घरोघर व्हिडिओ टेप शिरली होती. टेपवर दूरदर्शन-संचावरचा कार्यक्रम उतरवून घेता येई, या तबकड्यांवर काही उतरवता येत नसे. शिवाय टेप भाड्याने मिळू लागली. १९८४ च्या एप्रिलमध्ये आर.सी.ए.ने यंत्रे करणे थांबवले, सुमारे अठ्ठावन्न कोटी डॉलरचा खड्डा पडल्यावर. लेसरडिस्क दर्दी लोकांत, विशेषतः जपानात, टिकून राहिली. तिची यंत्रे पायोनियर कंपनीने २००९ साली बंद केली.

या नुकसानीची आठवण होती म्हणूनच की काय, १९९५ साली पुढाऱ्यांना थोडे शहाणपण सुचले. तेव्हा पुन्हा दोन तट पडले होते : एकीकडे सोनी आणि फिलिप्स, दुसरीकडे तोशिबा आणि टाइम वॉर्नर. संगणक बनवणाऱ्या कंपन्यांनी बजावले की, आम्हाला दोन नकोत, एकच हवी. आय.बी.एम.चे प्रमुख लू गर्स्टनर यांनी मध्यस्थी केली आणि तडजोड झाली. तिच्यातून जी निघाली ती डी.व्ही.डी. १९९६ च्या नोव्हेंबरात जपानात आणि १९९७ च्या मार्चमध्ये अमेरिकेत ती विक्रीला आली, आणि बघता बघता जगभर गेली. कोणतेही यंत्र घ्या, कोणाचीही तबकडी लावा! गिऱ्हाइकाला विचार करावा लागला नाही, हेच तिच्या यशाचे मोठे कारण.

तरी एका दुकानदाराला राहवले नाही. सर्किट सिटी या अमेरिकन दुकानसाखळीने १९९८ साली डिव्हिक्स नावाची तबकडी काढली. किंमत अवघी साडेचार डॉलर. पण पहिल्यांदा लावल्यापासून अठ्ठेचाळीस तासच ती पाहता येई. पुन्हा पाहायचे तर पुन्हा पैसे. यंत्राला टेलिफोनची तार जोडायची आणि त्याने रात्री कंपनीला हिशेब कळवायचा. म्हणजे तबकडी आपल्या घरात, पण कुलपाची किल्ली दुकानदाराच्या खिशात! वर्षभरातच, १९९९ च्या जूनमध्ये, हा उद्योग आटोपला. २००१ च्या जुलैपर्यंत हिशेबाची सोय चालू ठेवली होती. ती बंद झाल्यावर त्या तबकड्या कायमच्या मुक्या झाल्या.

आता सगळ्यात गाजलेल्या लढतीकडे येऊ. त्याआधी शिक्षकबंधूंना वर्गात सांगता येईल अशी एक गोष्ट. या तबकड्यांवर डोळ्यांना न दिसणारे बारीक खळगे ओळीने पाडलेले असतात, आणि लेसरचा किरण ती ओळ वाचत जातो. पाभरीचे फण जवळजवळ बसवले तर त्याच वावरात जास्त ओळी बसतात, तसेच इथे आहे. सीडीच्या दोन ओळींत १.६ मायक्रॉनचे अंतर असते, आणि मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. डी.व्ही.डी.त ते ०.७४ वर आले. पण ओळी जवळ आणायच्या तर वाचणारा किरणही तितकाच बारीक हवा. सीडीचा किरण अवरक्त, डी.व्ही.डी.चा तांबडा. त्याहून कमी तरंगलांबीचा निळसर-जांभळा किरण हाती आला, तेव्हा अधिक रेखीव चित्राची नवी तबकडी करणे शक्य झाले.

नेमकी इथेच पुन्हा जुनी दुफळी माजली. तोशिबाने एच.डी. डी.व्ही.डी. काढली. तिच्या एका थरात १५ गिगाबाइट मजकूर मावे. जुन्या डी.व्ही.डी.चे कारखाने थोड्या फेरफाराने तिला चालत, म्हणून ती करायला स्वस्त. सोनी आणि तिच्या सोबत्यांची ब्लू-रे. तिच्या थरात २५ गिगाबाइट, कारण तिचा मजकूर पृष्ठभागाच्या अगदी जवळ, ०.१ मिलिमीटरवर असतो आणि ओळी आणखी दाट बसतात. पण तिला नवी यंत्रसामग्री लागे. २००५ साली दोघांत समेटाची बोलणी झाली आणि फिसकटली. २००६ च्या एप्रिलमध्ये तोशिबाचे यंत्र अमेरिकेत ४९९ डॉलरला आले. जूनमध्ये पहिले ब्लू-रे यंत्र आले, सॅमसंगचे, ९९९ डॉलरला.

आता त्या अमेरिकन गृहस्थाची अडचण बघा. दोन्ही तबकड्यांचे चित्र सुरेख. साध्या डोळ्यांना फरक सांगता येऊ नये इतके सारखे. तोशिबाचे यंत्र निम्म्या किमतीत. शिवाय तिच्या तबकड्यांना प्रदेशाचे बंधन नव्हते. कुठल्याही देशात घेतलेली कुठेही लागे. ब्लू-रेला ते बंधन होते. आपला हिंदुस्थान तिच्या ‘सी’ प्रदेशात येतो, तर अमेरिका ‘ए’मध्ये. म्हणजे तिकडे राहणाऱ्या मुलाने आईबापांना पाठवलेली तबकडी इथे लागेलच असे नाही. या दृष्टीने पाहिले तर गिऱ्हाइकाच्या सोयीची तबकडी तोशिबाचीच होती, असे माझे मत आहे.

पण चित्रपट कोणाकडे? डिस्ने, फॉक्स आणि सोनीचे स्वतःचे चित्रपट फक्त ब्लू-रेवर. युनिव्हर्सलचे फक्त एच.डी. डी.व्ही.डी.वर. पॅरामाउंट आधी दोन्हींकडे होती, ती २००७ च्या ऑगस्टमध्ये तोशिबाकडे गेली. या पक्षांतरासाठी तिला मोठी रक्कम मिळाल्याच्या बातम्या तेव्हा वृत्तपत्रांत आल्या होत्या. आवडते चित्रपट दोन्हीकडे वाटलेले असले तर माणसाने काय दोन यंत्रे घ्यावीत? काहींनी घेतलीही. बहुतेकांनी मात्र कोणतेच घेतले नाही. ते जुन्या डी.व्ही.डी.वरच खूश राहिले.

सोनीने एक डाव मात्र अचूक टाकला होता. २००६ च्या नोव्हेंबरात आलेल्या तिच्या प्लेस्टेशन-३ या खेळाच्या यंत्रातच ब्लू-रे बसवलेली होती. पोराने खेळासाठी हट्ट धरला, बापाने यंत्र आणले, आणि न मागता ब्लू-रे दिवाणखान्यात येऊन बसली! तोशिबाने किंमत उतरवत नेली. २००७ च्या नोव्हेंबरात एका विक्रीत तिचे यंत्र शंभर डॉलरच्याही आत मिळत होते. लोकांनी उड्या टाकून ते घेतले.

त्यानंतर दोनच महिन्यांनी, ४ जानेवारी २००८ रोजी, वॉर्नर ब्रदर्सने जाहीर केले की आम्ही इथून पुढे फक्त ब्लू-रे काढणार. वॉर्नर तोवर दोन्हीकडे पाय ठेवून होती, आणि तिच्याजवळ चित्रपटांचा साठा प्रचंड. तराजूचे पारडे एकदम झुकले. फेब्रुवारीत वॉलमार्टसारख्या दुकानांनी तोशिबाच्या तबकड्या ठेवणे बंद करण्याचे ठरवले, आणि १९ फेब्रुवारीला खुद्द तोशिबानेच माघार घेतली. नोव्हेंबरात स्वस्त मिळाले म्हणून यंत्र आणणारा गृहस्थ साडेतीन महिन्यांत उघडा पडला. त्याच्या घरचे चित्र काल होते तितकेच आजही सुरेख होते. फक्त नवा चित्रपट आता त्याला मिळणार नव्हता. पुढे २००९ साली तोशिबासुद्धा ब्लू-रेची यंत्रे करू लागली, हे ऐकून त्याला काय वाटले असेल?

जिंकलेल्या ब्लू-रेलाही राज्य निष्कंटक लाभले नाही. जुन्या डी.व्ही.डी.ची विक्री कित्येक वर्षे तिच्याहून जास्तच राहिली, आणि दोघींचीही गिऱ्हाइके तारेने घरी येणाऱ्या चित्रपटांकडे वळली. टपालाने डी.व्ही.डी. पाठवण्याचा धंदा करणाऱ्या नेटफ्लिक्सने २०२३ च्या सप्टेंबरात ती पाठवणी थांबवली. तरीही संग्रह करणारे आहेत. तारेवरचा चित्रपट मालकाने काढून घेतला की गेला, कपाटातली तबकडी कोणी काढून नेत नाही, असे ते म्हणतात. त्यात तथ्य आहे. पण तबकडीही अमर नाही. थर चिकटवण्यात दोष राहिला तर आत हवा शिरते आणि चकाकणारा धातू काळवंडतो. पहिल्या लेसरडिस्कना हा रोग जडला होता. २००६ ते २००८ या काळात बनलेल्या काही डी.व्ही.डी. बिघडत असल्याचे खुद्द वॉर्नरने २०२५ साली मान्य केले.

आपल्याकडची गोष्ट थोडी निराळी. इथे लोकांनी निवडली ती अमेरिकेत जिला फारसे कोणी विचारले नाही ती व्हिडिओ सीडी. १९९३ सालची ही तबकडी म्हणजे साधी सीडीच. चित्र टेपइतपत, आणि चौऱ्याहत्तर मिनिटांत संपणारे. म्हणून एका हिंदी चित्रपटाला दोन किंवा तीन तबकड्या लागत. मध्यंतराला उठून दुसरी लावायची! पण यंत्र स्वस्त, आणि तबकडीला प्रदेशाचे कुलूप नाही. मोझर बेअर या भारतीय कंपनीने २००७ च्या सुमारास व्हिडिओ सीडी अठ्ठावीस रुपयांना आणि डी.व्ही.डी. चौतीस रुपयांना विकायला काढली, तेव्हा तर मराठीसह कितीतरी भाषांतले चित्रपट बाजारच्या दिवशी भाजीशेजारी मिळू लागले. त्या कंपनीचा कारभार मोडीत काढण्याचा हुकूम २०१८ साली झाला.

गावोगावच्या घरांत आज ज्या तबकड्या आहेत, त्यांत नाटके आहेत, कीर्तने आहेत, आणि ज्याची दुसरी प्रत कुठेच नाही असे घरचे लग्नही आहे. त्यांच्यासाठी दोन गोष्टी लक्षात ठेवण्याजोग्या. सीडीचा मजकूर छापील बाजूच्या लगेच खाली असतो, म्हणून चकचकीत बाजूपेक्षा छापील बाजूचा ओरखडा जास्त घातक. तिच्यावर बॉलपेनने नाव लिहू नका. डी.व्ही.डी.चा मजकूर दोन पापुद्र्यांच्या मध्ये असतो. फोटोवाल्याने घरी उतरवून दिलेल्या तबकडीत रंगाचा थर असतो आणि तो उन्हाने उडतो, तेव्हा ती खिडकीत ठेवायची नाही. पुसताना मऊ फडक्याने मधून कडेकडे सरळ पुसावे, गोल फिरवू नये. तबकडी वाचण्याची सोय नव्या संगणकात बहुधा नसते, पण तारेने जोडायचे छोटे यंत्र मिळते. व्हिडिओ सीडी त्यात घालून उघडली की आत ‘एमपेगएव्ही’ नावाचा कप्पा दिसतो. लग्नाचे चित्र त्यातल्या मोठ्या फाइलमध्ये असते. तबकडी वाचता येते आहे तोवर ती फाइल संगणकावर आणि आणखी एका ठिकाणी उतरवून घ्या.