कोलोनचे पाणी : नावाचा खटला
पुरुषांच्या प्रसाधनात ज्यास ‘कोलोन’ म्हणतात, त्याचे मूळ जर्मनीतील कोलोन नगरीत. १७०९ साली स्थापन झालेल्या फारिना पेढीत योहान मारिया या इटालियन गृहस्थाने ते सुगंधी जल सिद्ध केले. बर्गमोट, लिंबू, नारिंग यांचा हा परिमळ चंदनासारखा रेंगाळत नाही. मद्यार्काबरोबर झटकन उडून जातो. अशा गंधावर मालकी कशी सांगावी? भांडण जुंपले ते नावावरून. १८०३ मध्ये विल्हेल्म म्यूलहेन्सने त्या घराण्याशी संबंध नसलेल्या दुसऱ्याच एका फारिनाकडून नावाचा हक्क विकत घेतला, आणि पुढे तो इतरांनाही विकला! व्यवहार चतुर खरा. परंतु सचोटीचा म्हणवत नाही. खटले पिढ्यान्‌पिढ्या चालले. अखेर १८८१ साली त्याच्या नातवास ते नाव सोडावे लागले. त्याने आपल्या घराचा जुना क्रमांक पेढीस दिला : ४७११. तोच आकडा आजही त्या बाटलीवर आहे.